राजकन्येचा वरचा दात

एका राज्यात माणसं दाराच्या कड्या कापडात गुंडाळून ठेवत, घोड्यांच्या टापांना गवत बांधत आणि देवळातली घंटा बोटाच्या टोकाने वाजवत. कारण राजवाड्यात राजकन्या कुमुदिनीचा नुकताच कुठे डोळा लागलेला असे आणि तो कुठल्याही क्षणी उघडे.

राजकन्येला दात येत होता. खरं म्हणजे येत नव्हता, आणि दुखणं तेच होतं. वरची हिरडी जास्वंदीच्या कळीसारखी टरारली होती. गाल तापले होते. हाताला लागेल ते ती तोंडात घाली, चावी आणि रागाने फेकून देई. मग ती राजाची मोजडी असो, राणीचा पदर असो की वाकून नमस्कार करणाऱ्या प्रधानाची दाढी. लाळ इतकी गळे की अंगणातून तिचा ओहोळ वाहू लागला होता. माळ्यांनी त्याच्या काठाने केळी लावल्या आणि त्यांना घडही चांगले लागले.

हे सारं एका शापापायी होतं. राजा भद्रसेनाच्या आजोबांनी डोंगरापलीकडचं एक गाव लुटून मोठा खजिना आणला होता. लुटीच्या मागोमाग एक जोगी चालत आला. त्याचं नाव विरूपाक्ष. भर दरबारात उभा राहून तो म्हणाला, "या घराण्यात जी पहिली मुलगी जन्मेल, तिचा पहिला दात वरच्या हिरडीत उगवेल. तो उगवेल त्या क्षणी तिचा मामा पाषाण होईल." एवढं बोलून तो आला तसा निघून गेला. पुढे घराण्यात मुलगेच होत राहिले आणि लोक शाप विसरले. मग कुमुदिनी जन्मली.

राजमांत्रिक भानुभट म्हणाले, "दात उगवलाच नाही, तर शाप लागणार कुठून?" त्यांनी मंत्राने भारलेला काळा दोरा दिला. आईने रोज सकाळी तो नव्याने पोरीच्या मनगटाला बांधायचा, म्हणजे दात हिरडीतच थांबेल. आणि मामाला दूर ठेवायचं. त्याने पोरीच्या हिरडीला चुकूनही हात लावायचा नाही.

हा मामा म्हणजे राणी पद्मलेखेचा धाकटा भाऊ सारंग. जेवतानाही एक पाय उंबऱ्याबाहेर ठेवून बसणारा. कुमुदिनीच्या बारशाला तो आला, तेव्हा राजाने त्याला कडकडून मिठी मारली आणि दुसऱ्याच दिवशी सरहद्दीच्या ठाण्यावर धाडलं. तिकडे शत्रूचा फार वावर आहे, असं सांगितलं. शाप, दोरा, यांतलं काहीही सांगितलं नाही. सारंग भिंतीवर उभा राहून शत्रूची वाट पाहू लागला. तिथे शत्रू सोडाच, शेळीसुद्धा फिरकत नसे.

एके सकाळी त्या भिंतीवर एक साळुंकी येऊन बसली.

"मामा, इथे काय राखतोस?" तिने विचारलं.

"राज्य."

"राज्य तिकडे रडतंय, आणि तू भिंत राखतोस."

"कोण रडतंय?"

"भाची तुझी. तिचा दात बांधून ठेवलाय. तुझ्यासाठी."

साळुंकीने त्याला सगळं सांगितलं. ऐकताच सारंग भिंतीवरून खाली उतरला. तो घोड्यावर बसला. ठाण्याचा दरवाजा उघडाच राहिला, तो आजही उघडाच आहे.

राणी पद्मलेखा पोरीला खांद्यावर टाकून सज्जात फेऱ्या घालत होती. इतक्या फेऱ्या झाल्या होत्या की फरशीला घळ पडली होती आणि राणी तिच्यातून घोट्याइतकी खोल चालत होती.

"तू का आलास?" ती म्हणाली.

"भाचीला बघायला. आधी तो दोरा सोड, ताई."

"सोडला तर धोंडा होशील."

"होईन."

"बोलायला काय जातंय तुझं! भाऊबीजेला मी कुणाला ओवाळू? अंगणातल्या धोंड्याला?"

"आणि हिने दात गिळून बसायचं? मी धडधाकट हिंडावं म्हणून? गाव लुटलं भावजींच्या आजोबांनी. त्यात माझं काही देणंघेणं नाही, आणि हिचं तर मुळीच नाही!"

राणी थांबली. तिच्या डोळ्यांखाली काजळ नव्हतं, जागरण होतं.

"मला दोघंही हवेत, सारंग. दोघांतलं एक निवड, असं तू तरी सांगू नकोस. रोज सकाळी दोरा बांधताना मी तेच करते."

सारंगने हात पुढे केले आणि पोरीला घेतलं. कुमुदिनीने त्याच्याकडे पाहिलं, त्याची तर्जनी दोन्ही मुठींत धरली आणि तोंडात घालून करकचून चावली. बिनदातांच्या हिरड्याच त्या, पण सारंगच्या डोळ्यांत पाणी आलं. आणि रडणं थांबलं. सज्जा शांत झाला. खालच्या अंगणात एक माळी दचकून वर बघू लागला.

तेवढ्यात भानुभट धावत आले.

"मामाने हिरडीला बोट लावायचं नाही! रीत आहे!"

"कुणी घालून दिली?"

"रीत कुणी घालून देत नसतं. ती असते."

"तिला बरं वाटतंय, दिसत नाही का?"

"आत्ता बरं वाटेल. उद्या तुम्ही देवळापुढे उभे असाल आणि लोक तुम्हाला शेंदूर फासतील!"

राणीने घाबरून भावाचा हात ओढून काढला. कुमुदिनीने आधी विश्वास न बसल्यासारखं पाहिलं आणि मग असा टाहो फोडला की सज्जाच्या कमानीचा एक दगड निखळून ओहोळात पडला.

साळुंकी खिडकीत बसून हे बघत होती. ती म्हणाली, "जोग्याच्या खोपीवर माझं घरटं होतं. म्हातारा अजून जिवंत आहे. त्याच्याकडे जा. पण रिकाम्या हातांनी गेलात तर खोप दिसणार नाही. तीन वस्तू लागतात. लुटीत नेलेली एक. चघळून न संपणारी एक. आणि ऊन न पाहिलेली एक."

"मी निघालो," सारंग म्हणाला.

"आम्हीही," राणी म्हणाली.

"ताई, वाट खडतर आहे."

"पोर दूध कुणाचं पिणार? तुझं?"

टाहो ऐकून राजा भद्रसेनही सज्जात आला होता. तो पुढे येऊन म्हणाला, "माझ्या आजोबांनी केलं, ते तुम्ही निस्तरायला निघालात. मी येतो."

"तुम्ही राज्य सांभाळा," राणी म्हणाली. "आणि केळी."

पहिली वस्तू घरातच होती. भुयाराचं दार उघडलं. आत हिरे नारळाएवढे, सोन्याच्या विटा, रत्नजडित पाळणे, आणि हे सगळं शापाने तव्यासारखं तापलेलं. भानुभटांनी सर्वांत मोठा हिरा दाखवला. सारंगलाही ते पटलं. तो म्हणाला, "एवढ्या मोठ्यासाठीच माणूस शाप देईल." आणि अंगरख्यात गुंडाळून त्याने तो उचललाही.

कुमुदिनी मात्र ढिगाकडे रांगत गेली आणि तळातून एक काळा पडलेला खुळखुळा ओढून बाहेर काढला. तो तेवढा तापलेला नव्हता. ती तो तोंडात घालणार, इतक्यात खुळखुळा तिच्या हातून निसटला आणि बारीक आवाजात म्हणाला, "मी हिचा नव्हे."

राणीने तो उचलला, पदराने घासला. आतून चांदी चमकली. दांडीवर तांदळाच्या दाण्याएवढे दोन खड्डे होते.

"हे चावलेलं आहे," ती म्हणाली. "हिरा ठेव खाली, सारंग. हिऱ्याला कुणीही मालक चालतो. याला त्याचं माणूस आठवतंय."

सारंगने हिरा ठेवला. मोठी वस्तू ती महत्त्वाची असं आपण धरून चाललो, हे त्याला लागलं. पण थांबायला वेळ नव्हता.

दुसऱ्या वस्तूसाठी ती दोघं पोरीला घेऊन ज्येष्ठमधाच्या रानात गेली. साळुंकी पुढे उडत होती. रान कसलं, नुसते खड्डे होते. मधोमध एक राक्षस गालाला हात लावून बसला होता. कित्येक शतकांचा झाल्यावर आता त्याला अक्कलदाढ येत होती. ठणका शमवायला त्याने सगळं रान उपटून चघळलं होतं. चघळून न संपणारी ती एकच मुळी उरली होती, आणि ती त्याच्या गालात होती.

सारंगने तलवार उपसली. "मुळी दे!"

"कापतोस?" राक्षस म्हणाला. "काप. गालापासूनच सुरू कर. तिथेच ठणकतंय." आणि तो हमसून हमसून रडू लागला. त्याला पाहून कुमुदिनीही रडू लागली. दोघांचा सूर एकच लागला.

"म्यान कर ती," राणी म्हणाली. "दोघांना एकच दुखणं आहे."

तिने विड्याच्या डब्यातून लवंगा काढल्या, दगडावर कुटल्या, फडक्यात बांधल्या. सारंग राक्षसाच्या दाढीला धरून वर चढला आणि खालच्या ओठावर उभा राहिला. आत गुहेसारखा अंधार होता आणि लाल हिरडी उंबरासारखी फुगली होती.

"दाब," खालून राणी म्हणाली. "भिऊ नकोस. नुसतं हुळहुळवलंस तर चिडेल. दाबून धर आणि हळूहळू फिरव."

"तुला कसं माहीत?"

"रोज काय करते मी?"

सारंगने दाबून धरलं. राक्षसाचे कान खाली आले, मग खांदे, मग त्याने इतका लांब श्वास सोडला की सारंग उडून गवतात पडला. राक्षसाने मुळी काढून पुसली आणि पोरीच्या हातात दिली.

"ठेव तुला, ताई," तो कुमुदिनीला म्हणाला. मग राणीकडे वळला. "लक्ष ठेवा हां. एकटीच्या हातात देऊ नका, घशात जायची."

तिसरी वस्तू विहिरीत होती. ती विहीर अशी खोल आणि अशी वाकडी की तिच्या पाण्यावर कधी ऊन पडलं नव्हतं. सारंगने पोहरा सोडला आणि सपासप ओढून घेतला. पाणी उकळत होतं. त्याने ते ओतलं, पुन्हा ओढलं. पुन्हा उकळतं. तिसऱ्यांदा तर पोहऱ्यातून नुसती वाफ आली.

"ही विहीर नासकी आहे!" तो ओरडला.

"विहीर बरी आहे. तू घाईत आहेस," साळुंकी म्हणाली.

राणी काठावर बसली. पोरीला मांडीवर घेऊन तिने नेहमीची अंगाई धरली आणि मांडी हलवू लागली. "दोर माझ्या मांडीबरोबर ओढ. मी थांबले की थांब."

सारंगला ते फार जड गेलं. त्याला वाटलं, इथे केस पांढरे होणार. पण मांडी वर झाली की दोर वर, मांडी खाली आली की दोर थांबे. अंगाई संपली तेव्हा पोहरा काठाला टेकला. पाणी एवढं गार होतं की बघूनच दात शिवशिवले. राणीने त्यात मलमलीचं स्वच्छ फडकं भिजवलं, पिळलं आणि पोरीच्या तोंडाशी धरलं. कुमुदिनी ते चोखता चोखता तशीच झोपी गेली. सारंगने ओंजळीने पाणी प्यायलं आणि ती जागी होईपर्यंत तिथेच बसून राहिला. असा तो आयुष्यात प्रथमच बसला.

तीन वस्तू हाती आल्या तेव्हा समोरच्या डोंगरावर खोप दिसू लागली.

खोपीपुढे विरूपाक्ष जोगी बसला होता. दाढी जमिनीवरून उताराला लागलेली. त्याच्या शेजारी एक म्हातारी खलबत्त्यात विडा कुटत होती, कारण तिच्या तोंडात एकही दात नव्हता.

राणीने मुळी ठेवली, विहिरीच्या पाण्याचा पोहरा ठेवला आणि शेवटी खुळखुळा ठेवला. खुळखुळा आपणहून गडगडत म्हातारीकडे गेला.

"अगंबाई!" म्हातारी म्हणाली. "मामा, हा आपला खुळखुळा!"

जोग्याने खुळखुळ्याच्या दांडीवरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "ही ठकू. माझ्या बहिणीची पोर. हिला दात येत होते, म्हणून मी हा ओतला होता. दोनदाच चावली, आणि तुमचे घोडेस्वार आले. हिच्या मुठीतून काढून नेला. चांदी होती ना! त्यानंतर ही किती रडली, ते मी ऐकलंय."

"राणी मी आहे. जे झालं त्याची लाज मला वाटते," पद्मलेखा म्हणाली. "शाप मागे घ्या."

"सुटलेला शाप मागे येत नाही. माझ्यात जेवढा राग उरला असेल, तेवढाच तो लागेल. आणि किती उरलाय ते मला ठाऊक नाही. मी मोजून पाहिलेला नाही."

"उरलाय म्हणजे?" ठकूबाई कडाडल्या. "मला दात आले, मी ऊस खाल्ला, चणे खाल्ले, माझे दात पडलेसुद्धा! आणि हा अजून रागातच! शाप दिलास तो तरी कुणाला, तर मामाला! त्या बापड्याने काय घोडं मारलं होतं?"

"मी मामा होतो, ठके. मला जिथे लागलं, तिथेच त्यांना लागावं, असं वाटलं."

इतक्यात वाटेत पुन्हा झोपलेली कुमुदिनी जागी झाली. वाटेत सकाळ होऊन गेली होती आणि दोरा नव्याने बांधायचा राहिला होता. तो मनगटावर विरत चालला होता. हिरडी पांढरी पडून ताणली गेली. पोरीने पाठ कमानीसारखी वाकवली आणि तिच्या किंकाळीने डोंगरावरचे ढग फाटले.

राणीने कनवटीचा नवा दोरा काढला. सारंगने तिच्या हातावर हात ठेवला. आता त्याला घाई नव्हती.

"ताई. राक्षसाच्या तोंडात उभा होतो ना मी, तेव्हा कळलं, हे केवढं दुखतं. नको बांधूस."

राणीने भावाकडे पाहिलं, पोरीकडे पाहिलं. मग तिने नवा दोरा वाऱ्यावर सोडून दिला आणि जुन्याची गाठ स्वतःच्या हाताने सोडली. डोळे मात्र मिटले नाहीत.

सारंगने विहिरीच्या पाण्याने हात धुतले आणि उजव्या हाताची तर्जनी पोरीच्या वरच्या हिरडीवर ठेवली. दाबून धरली, हळूहळू फिरवली. किंकाळीचा हुंदका झाला. हुंदक्याचा उसासा झाला. आणि मग बोटाखाली काहीतरी कट्‌कन बाहेर आलं, तांदळाच्या दाण्याएवढं, धारदार. कुमुदिनी चावली.

बोटाचं टोक राखाडी झालं. नख दगडाचं झालं. पहिलं पेर दगडाचं झालं. गारवा दुसऱ्या पेरात शिरला.

"बोट काढ!" राणी ओरडली.

"तिचं अजून दुखतंय," सारंग म्हणाला. त्याने बोट काढलं नाही.

जोगी पुढे वाकून बघत होता. ठकूबाईंनी त्याचा उजवा हात उचलून सगळ्यांपुढे धरला. तर्जनीवर दोन जुने पांढरे व्रण होते.

"खुळखुळा नेल्यावर यानेही हेच केलं होतं," त्या म्हणाल्या. "माझ्याच खुणा आहेत. विसरलास, मामा? त्या रात्री मी झोपले होते की नाही?"

"झोपली होतीस," जोगी म्हणाला.

"मग?" असं म्हणून ठकूबाईंनी खुळखुळा उचलला, त्याची दांडी तोंडात घातली आणि बोळक्या हिरड्यांनी कडाकडा चावून दाखवली. ते ध्यान बघून कुमुदिनीला हसू फुटलं. तिच्या त्या एका दाताकडे बघत जोगी हसू लागला. एवढ्या वर्षांचं हसू ते. त्या हसण्याने आधी दाढीतले पक्षी उडाले, मग डोंगर हलला.

दगड दुसऱ्या पेरावर थांबला. पुढे गेला नाही.

सारंगने बोट बाहेर काढून उन्हात धरलं. सुरेख काळंभोर, गुळगुळीत, नदीतल्या गोट्यासारखं गार. बाकीचा सारंग होता तसाच होता. राणीने त्याला आधी कुशीत घेतलं आणि मग पाठीत एक धपाटा घातला.

राज्यात परत आल्यावर राजा भद्रसेनाने भुयाराचं दार काढून टाकलं. गाड्या भरून खजिना डोंगरापलीकडे गेला, आणि ज्या घरची वस्तू त्या घरासमोर आपणहून उतरली. सज्जाची कमान नीट बसली. अंगणातला ओहोळ आटला, केळी मात्र राहिल्या. भानुभट काही दिवस रीत रीत म्हणत हिंडले. पुढे त्यांच्याच नातवाला दात येऊ लागले, तेव्हा ते पोराला काखेत घेऊन सारंगच्या दारात येऊन उभे राहिले आणि खाली बघत म्हणाले, "तेवढं बोट..."

कारण त्या दगडी बोटासारखं औषध त्या राज्यात दुसरं नव्हतं. उन्हाळ्यातही ते गार असे. झिजत नसे, तुटत नसे, घशात जात नसे. दुसऱ्या टोकाला मामा असे. लेकुरवाळ्या बाया लांबून येत. सारंग हात धुऊन ओसरीवर बसे, पोराला मांडीवर घेई आणि दाबून, हळूहळू फिरवी. ज्याला पूर्वी घास संपेपर्यंत धीर निघत नसे, तो पोर झोपेपर्यंत बसून राही. आणि त्याचं पाहून गावोगावचे मामा आपापल्या भाच्यांपाशी बोट घेऊन बसू लागले. ती बोटं साधीच होती, पण चालत.

भाऊबीज आली. कुमुदिनी आता दोन्ही हिरड्यांनी हसत होती आणि ताटातली सुपारी चावायला धावत होती. राणीने भावाला पाटावर बसवलं, कपाळाला कुंकू लावलं, ओवाळलं. मग त्याची काळी तर्जनी हातात घेतली, तिलाही कुंकवाचं बोट टेकवलं आणि निरांजन पुन्हा एकदा फिरवलं.

"एक भावाला," ती म्हणाली, "आणि एक धोंड्याला."